कालनिर्णयावरच्या रेघा

माझ्या मुलाला नवव्या वर्षी क्रोन्सचं, म्हणजे आतड्याला सूज आणणाऱ्या आजाराचं, निदान झालं. आता तो तेराचा आहे. एवढ्या काळात कळलेलं सांगते.

१. निदानाला वेळ लागतो. पोटदुखी, जुलाब, घटणारं वजन दिसलं की आपल्याकडे आधी आतड्याच्या टीबीची शंका येते, कारण दोन्ही आजार दुर्बिणीतूनही सारखेच दिसू शकतात. टीबीच्या गोळ्यांनी त्याला गुण आला नाही. त्या वाया गेलेल्या महिन्यांचा राग मी फार दिवस धरून होते.

२. "बाहेरचं खाऊ घातलंत म्हणून झालं," असं घरचेच म्हणतात. शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटते, हा आजार वडापावाने होत नाही. सासूबाईंना मी डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं, तेव्हा कुठे त्यांना पटलं.

३. सूज उतरावी म्हणून त्याला ८ आठवडे फक्त पावडरीचं पातळ अन्न होतं. मुलांमध्ये हा उपाय स्टेरॉइडइतका लागू पडतो, शिवाय वाढ खुंटत नाही. पण घरात स्वयंपाक करायचा कसा? आम्ही दार लावून, भांड्यांचा आवाज न करता चोरासारखे जेवायचो. तिसऱ्या आठवड्यात तो ओट्याशी येऊन म्हणाला, "आई, आमटीला फोडणी दे ना. वास तरी घेतो." त्या दिवसापासून दार उघडं ठेवलं. तो ग्लास घेऊन आमच्याच पंगतीला बसू लागला.

४. शाळेत बाईंना आधीच भेटा. न विचारता संडासला जायची मुभा मागून घ्या. सगळ्या वर्गासमोर हात वर करायच्या लाजेपायी तो पाणीच प्यायचा नाही.

५. इन्फ्लिक्सिमॅब या त्याच्या औषधाचं सलाइन दर ८ आठवड्यांनी असतं. त्या दिवशी आई-बाबा दोघांनी रजा टाकू नका. आळीपाळीने जा, रजा आणि अंगातली ताकद दोन्ही पुरवून वापरायची असते.

६. दुधाचा हिशोब लिहायच्या कालनिर्णयावर आम्ही तो संडासला किती वेळा गेला याच्या रेघा मारायचो, रक्त दिसलं की लाल पेनाने. वर्षाअखेरीस ते काढताना डिसेंबरच्या एका चौकटीत, त्याच्या पाच रेघांखाली, थोरल्या लेकीचं बारीक अक्षर दिसलं. पेन्सिलीने लिहिलं होतं, "माझं गॅदरिंग, ५ वाजता." गॅदरिंग होऊन दहा दिवस उलटले होते.