लघुपट पाहू या, प्रश्न विचारू या



येत्या महिन्यात आपल्या शाळेच्या सभागृहात इंदूरमधल्या नवोदित दिग्दर्शकांचे काही लघुपट दाखवले जाणार आहेत. प्रदर्शन सर्वांसाठी खुले आहे, तिकीट नाही. प्रत्येक लघुपटानंतर तो तयार करणारी मुले-मुली समोर येऊन आपल्याशी बोलणार आहेत. हे ठरल्यावर काही पालकांनी विचारले, "शाळेत सिनेमा कशाला?" काही विद्यार्थ्यांनी विचारले, "मोबाईलवर तर रोजच पाहतो, मग सभागृहात कशाला बसायचे?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांचे उत्तर एका वाक्यात देण्याऐवजी एक छोटासा पाठच लिहावा असे वाटले. तो घरी सर्वांनी मिळून वाचावा.

लघुपट म्हणजे काय?

लघुपट म्हणजे कमी लांबीचा चित्रपट. किती कमी? ऑस्कर पुरस्कारांच्या नियमात ही मर्यादा चाळीस मिनिटांची आहे. मात्र मोठ्या चित्रपटाचा तुकडा तोडला म्हणजे लघुपट होत नाही. कादंबरीचे एक प्रकरण म्हणजे कथा नव्हे, तसेच हे आहे. लघुपटाला स्वतःची सुरुवात आणि स्वतःचा शेवट असतो. सांगायची गोष्ट बहुधा एकच असते आणि ती थोडक्यात सांगायची असते.

सिनेमाचा जन्मच मुळी लघुपटाच्या रूपात झाला. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून जे दहा चित्रपट दाखवले, त्यातला एकेक जेमतेम मिनिटभराचा होता. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये त्यांचेच सहा चित्रपट दाखवले गेले आणि आपल्या देशाने पहिल्यांदा पडद्यावर हलणारी चित्रे पाहिली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८९९ मध्ये, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर म्हणजेच सावेदादा यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती चित्रित केली. तेव्हा सावेदादाही नवोदितच होते. आपल्या शहरात, आपल्या माणसांसमोर चाललेली एक गोष्ट त्यांनी टिपली. आजचा नवा मुलगा मोबाईल घेऊन गल्लीत उतरतो, तो याच वाटेने जातो.

वाटाण्याचे रोप

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला, हे तुम्ही सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचले आहे. त्याआधीची गोष्ट मात्र पुस्तकात क्वचितच असते. फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते. बडोदे म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे जुने मराठी केंद्र. १९१२ मध्ये ते लंडनहून कॅमेरा घेऊन परतले, पण चित्रपटासाठी भांडवल कोण देणार? बोलण्यावर कोणी विश्वास ठेवीना. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभर चिकाटीने रोपाची वाढ थोडी थोडी टिपली. पडद्यावर ते रोप काही क्षणांत अंकुरून वर चढताना दिसले. ज्यांनी ते पाहिले, त्यांना हा माणूस काय करू शकतो ते कळले.

या गोष्टीत आपल्यासाठी दोन धडे आहेत. पहिला असा की लघुपटाला महागडे साहित्य लागतेच असे नाही. एक कुंडी, एक दाणा आणि महिनाभराची चिकाटी पुरली. दुसरा धडा जास्त महत्त्वाचा आहे. ते रोप कोणीतरी बसून पाहिले, म्हणून पुढचे सगळे घडले. पाहणारे कोणी नसते, तर ती फित डब्यातच राहिली असती.

सात मिनिटे

'एक अनेक और एकता' हा लघुपट तुमच्या आई-वडिलांनी दूरदर्शनवर नक्की पाहिला असेल. पक्ष्यांचा थवा, शिकाऱ्याचे जाळे आणि सर्वांनी मिळून घेतलेली झेप एवढीच गोष्ट आणि लांबी सुमारे सात मिनिटे. फिल्म्स डिव्हिजनचा हा १९७४ चा लघुपट विजया मुळे यांनी दिग्दर्शित केला आणि त्यातील चित्रांना भीमसेन यांनी गती दिली. विजयाताई जन्माने मुंबईच्या, पण लग्नानंतर पाटण्याला गेल्या आणि पुढे दिल्लीत राहिल्या. पाटणा आणि दिल्ली या दोन्ही शहरांतल्या चित्रपट मंडळांच्या कामात त्या होत्या. लोकांनी एकत्र बसून चांगला सिनेमा पाहावा आणि त्यावर बोलावे, यासाठी त्या झटल्या. २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या एका मराठी बाईने सात मिनिटांत साऱ्या देशातल्या मुलांना हिंदीतून एक धडा शिकवला, हे आपण अभिमानाने लक्षात ठेवावे.

अलीकडची उदाहरणे पाहा. उमेश कुलकर्णी यांचा 'वळू' २००८ मध्ये आला. त्याआधी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना त्यांनी 'गिरणी' हा लघुपट केला होता आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. नागराज मंजुळे यांचे 'फँड्री' आणि 'सैराट' सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचा पहिला लघुपट 'पिस्तुल्या', म्हणजे शाळेत जाण्याची ओढ लागलेल्या एका गरीब मुलाची गोष्ट. नगरला शिकत असताना केलेल्या या लघुपटासाठी त्यांना २०१० सालचा पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मोठे चित्रपट नंतर आले, आधी छोटा आला.

पाहताना काय पाहावे?

आता मुख्य अभ्यास. गणितापासून सुरुवात करू. चित्रपटात साधारणपणे दर सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांसमोरून जातात. म्हणजे दहा मिनिटांच्या लघुपटात १४,४०० चित्रे. यातले प्रत्येक चित्र कोणीतरी निवडलेले असते. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे दिग्दर्शक ठरवतो. म्हणून पुढील चार गोष्टींकडे लक्ष द्यावे.

१. कॅमेरा कोठे आहे? तो मुलाच्या उंचीवर आहे की मोठ्या माणसाच्या? स्वयंपाकघरात आईच्या शेजारी आहे की दारातून डोकावतो आहे? कॅमेऱ्याची जागा कळली की गोष्ट कोणाच्या बाजूने सांगितली जात आहे, तेही कळते.

२. एका चित्रानंतर दुसरे कोणते? यालाच संकलन म्हणतात. सोविएत रशियातल्या कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने १९२० च्या सुमारास एक प्रयोग केला. एका नटाचा निर्विकार चेहरा त्याने एकदा सूपच्या बशीबरोबर आणि एकदा शवपेटीबरोबर जोडला. चेहरा तोच होता, पण पाहणाऱ्यांना एकदा त्यात भूक दिसली आणि एकदा दुःख. तुम्हीही करून पाहा. शांत बसलेल्या मित्राचे छायाचित्र आधी पोह्याच्या बशीशेजारी ठेवा आणि मग निकालपत्राशेजारी.

३. आवाज काय सांगतो? दृश्यात नसलेली गोष्ट आवाजातून कळते. कुकरची शिटी, दूरचा भोंगा, शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू येतो का? आणि संगीत कोठे थांबते? शांतता हाही आवाजाचाच एक भाग आहे.

४. काय दाखवलेले नाही? दहा मिनिटांत सगळे सांगता येत नाही. चांगला दिग्दर्शक काही जागा मोकळ्या सोडतो. त्या आपण भरायच्या असतात.

आपले शहर, आपली बोली

स्थानिक दिग्दर्शकांचे लघुपट पाहण्याचे आणखी एक कारण आहे. मुंबईच्या सिनेमात इंदूर दिसलेच तर राजवाड्याचे एक दृश्य आणि सराफ्यातली चाट, एवढेच दिसते. पण हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांना थकबाकीसाठी २०२३ पर्यंत वाट पाहावी लागली, या बत्तीस वर्षांत त्या घरांमध्ये काय घडले? अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या गिरण्यांच्या झाँक्या गिरण्या बंद झाल्यावरही का निघत राहिल्या? या गोष्टी येथे वाढलेला माणूस सांगणार नाही, तर दुसरा कोण सांगणार?

भाषेचेही तसेच आहे. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे. त्यामुळे घरी एक आणि बाहेर एक असे जगणे मला ठाऊक आहे. आपली मुले घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि आजूबाजूला माळवी ऐकत मोठी होतात. "तो येऊन राहिला आहे" असे आपल्याकडे सहज बोलले जाते. निबंधाच्या वहीत आम्ही ते सुधारू, तो आमचा धर्म आहे. पण रामबागेतली आजी पडद्यावर पुस्तकी मराठी बोलू लागली, तर ती आपली आजी वाटणार नाही. ज्या बोलीत आपण हसतो आणि भांडतो, ती खऱ्या रूपात जपून ठेवण्याची सोय लघुपटात आहे. आणखी पन्नास वर्षांनी आपली नातवंडे कोणती मराठी बोलत असतील, हे कोणी सांगू शकत नाही. आपण कशी बोलत होतो, एवढे तरी त्यांना ऐकायला मिळावे.

प्रश्न कसा विचारावा?

मोबाईलवर एखादी फित आवडली नाही तर बोटाने पुढे सरकवता येते. ती करणाऱ्याला आपण कोठे कंटाळलो ते कधीच कळत नाही. सभागृहात तसे होत नाही. तेथे दिग्दर्शक मागच्या रांगेत बसून पाहत असतो, की लोक कोठे हसले, कोठे चुळबुळले आणि कोठे गप्प झाले. नव्या दिग्दर्शकाची खरी शाळा हीच आहे आणि त्या शाळेत शिक्षक आपण असतो.

म्हणून नुसते "छान होते" म्हणून उठू नये. त्याने कोणी काही शिकत नाही. "किती खर्च आला?" हा प्रश्नही शेवटी ठेवावा. एखादी नेमकी जागा धरून विचारावे. "आजोबांनी पत्र उघडले, पण ते आम्हाला वाचायला मिळाले नाही, असे का केले?" किंवा "शेवटी मुलगी कोठे गेली ते मला समजले नाही, तुमच्या मनात काय होते?" न समजल्याचे सांगण्यात कमीपणा नाही. मात्र बोलणे लघुपटाविषयी असावे, करणाऱ्याच्या कपड्यांविषयी किंवा आडनावाविषयी नव्हे.

पालक आणि विश्वस्तांसाठी

आपली काळजी योग्य आहे. चित्रपटाच्या सार्वजनिक प्रदर्शनाला १९५२ चा सिनेमॅटोग्राफ कायदा लागू होतो आणि लांबी कमी म्हणून लघुपट त्यातून सुटत नाही. त्यामुळे आवश्यक कागद दिग्दर्शकांकडून आधीच मागवले आहेत, आणि प्रत्येक लघुपट शिक्षक आधी पाहतील. आमची एकच विनंती आहे. मुलांना पाठवून देऊ नका, बरोबर या. घरी परतताना वाटेत जे बोलणे होईल, ते या कार्यक्रमाचे खरे फळ असेल.

स्वाध्याय

१. पाहिलेल्या एका लघुपटाची गोष्ट पाच वाक्यांत लिहा. सहावे वाक्य लिहू नका.
२. त्यातील एक आवाज सांगा, जो ऐकू आला पण ज्याची वस्तू दिसली नाही.
३. दिग्दर्शकाला विचारायचा एक प्रश्न घरून लिहून आणा. पाहून झाल्यावर तो बदलावासा वाटला तर बदला, आणि का बदलला तेही लिहा.
४. इयत्ता आठवी ते दहावी: आपल्या गल्लीतली अशी एक गोष्ट निवडा, जी तुमच्याशिवाय दुसरे कोणी सांगणार नाही. ती दहा चित्रांत काढून दाखवा. कॅमेरा नसला तरी चालेल, पेन्सिल पुरे. दुसऱ्याच्या घराचे किंवा माणसाचे चित्रण करायचे असेल तर आधी त्यांची परवानगी घ्या.

वह्या मराठीच्या शिक्षकांकडे द्याव्यात. निवडक प्रश्न पुढच्या अंकात छापू.