न्यूयॉर्कमधील पहिले आठवडे : वसतिगृहातील विद्यार्थी भीमराव

सातारच्या सरकारी शाळेच्या, म्हणजेच आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या दाखलपुस्तकात ७ नोव्हेंबर १९०० रोजी १९१४ या क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव नोंदले गेले. या विद्यार्थ्याला वर्गात बसण्यासाठी वेगळे गोणपाट होते. शाळा झाडणारा नोकरही त्या गोणपाटाला शिवत नसे. म्हणून सायंकाळी ते घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचे. नळाची तोटी स्वतः उघडण्याची मुभा नव्हती. शिपाई हजर नसला की तहान तशीच राही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात बाबासाहेबांनी स्वतःच हे लिहून ठेवले आहे.

हाच विद्यार्थी जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचला आणि कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात राहू लागला. वय २२ वर्षे. त्याच वर्षी २ फेब्रुवारीला वडील रामजी सुभेदार निवर्तले होते. मागे घरी रमाई आणि जेमतेम सात महिन्यांचा यशवंत. बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती होती दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार ४ जून रोजी झाला होता. घरी कोणाच्या जिवावर काय सोडून आपण आलो आहोत, याचे भान या तरुणाला पदोपदी असणार.

आपल्या व्याख्यानांतून बाबासाहेबांचा अठरा अठरा तासांचा अभ्यास नेहमी सांगितला जातो. त्यापूर्वीच्या आठवड्यांविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. हार्टले हॉलमध्ये ते केवळ आठवडाभर राहिले. तेथील नीट न शिजलेले पदार्थ आणि बहुतांशी गोमांसाचे जेवण त्यांना रुचले नाही, असे चरित्रकार धनंजय कीर नमूद करतात. तेथून ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले. तेथे काही भारतीय विद्यार्थी राहत होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर त्यांचा मुक्काम झाला. म्हणजे परदेशातील पहिली अडचण ताटातली होती आणि ती त्यांनी जागा बदलून सोडवली. यात कमीपणाचे काहीच नाही. आपल्या निवासी शाळेत पहिल्या आठवड्यात ‘जेवण जात नाही’ म्हणून मुलगा रडतो, तेव्हा त्याला हे अवश्य सांगावे.

परंतु त्या परक्या शहरात दुसरीही एक गोष्ट घडत होती. जेथे सर्व बसत त्याच मेजावर बसायचे, तहान लागली की स्वतः पाणी घ्यायचे, आणि जात विचारणारे कोणी नाही. बरोबरीच्या इतर विद्यार्थ्यांना ज्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते, तेच गोणपाट वाहिलेल्या विद्यार्थ्याच्या आयुष्यात प्रथम येत होते. युरोप-अमेरिकेतील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहिले आहे.

मोकळीक मिळाली म्हणजे अभ्यास आपोआप होतो, असे नव्हे. पहिले काही महिने मित्रमंडळी, खेळ आणि नव्या शहराची ओढ यांत गेले, असे चरित्रकार सांगतात. त्यानंतर त्यांनी स्वतःच स्वतःला आवरले. मग अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. (इतिहासाच्या शिक्षकास दुसरा आकडा विशेष सुखावतो!) जून १९१५ मध्ये ते एम. ए. झाले.

त्या पहिल्या आठवड्यांतला सर्वांत मोलाचा पुरावा मला त्यांच्या एका पत्रात दिसतो. ऑगस्ट १९१३ च्या प्रारंभी, म्हणजे पोहोचल्यावर दोन-तीन आठवड्यांतच, त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्यास पत्र लिहिले. मुलांच्या शिक्षणाबरोबर मुलींचेही शिक्षण झाले तर समाजाची प्रगती वेगाने होईल, हा विचार त्यात त्यांनी मांडला आणि तो आपल्या लोकांत पसरवण्याची विनंती केली. स्वतःचे बस्तान अजून पुरते बसले नव्हते. पण लेखणी वस्तीतल्या मुलींसाठी चालत होती.

आज राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीमुळे अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना परदेशी विद्यापीठांची वाट खुली आहे. माण-खटावमधील किंवा जत-आटपाडीकडील पालक विचारतात, ‘गुरुजी, पोरगी एकटी तिकडं कशी राहील?’ प्रश्न रास्त आहे. माझे सांगणे एवढेच असते की पहिल्या महिन्यात तिच्याकडून गुणांचा हिशेब मागू नका. काय खाल्ले, खोलीत सोबत कोण आहे, हे विचारा. आणि घरची ओढाताण तिच्यापासून लपवू नका, पण रोज उगाळूही नका. सोबती कोण, हा प्रश्न तर वरवरचा मुळीच नाही.

१९१७ साली बाबासाहेब करारानुसार बडोद्यास नोकरीला आले, तेव्हा त्यांना राहण्यास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत ते नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर पडण्यास भाग पाडले. परंतु अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी १९२० मध्ये ते लंडनला निघाले, तेव्हा त्यांना पाच हजार रुपये उसने देणारा मित्रही पारशीच होता. तो होता लिव्हिंग्स्टन हॉलमधला सोबती, नवल भथेना.