किट कार घेतली, आता सांभाळायला किती लागेल?

ब्रिटनमध्ये सात-आठ हजार पौंडांत चांगल्या अवस्थेतली जुनी वेस्टफिल्ड, म्हणजे सुट्या भागांच्या संचातून जोडलेली किट कार, मिळू शकते. घरच्या घरी बांधलेली ‘लोकॉस्ट’ त्याहूनही स्वस्त पडते, तर केटरहॅमला बहुधा दुप्पट मोजावे लागतात. दोन माणसांची, जेमतेम पाचसहाशे किलो वजनाची, छप्पर नावापुरते असलेली ही गाडी इकडे स्थायिक झालेल्या अनेक मराठी तरुणांच्या मनात भरते. विकत घेताना फार अडत नाही, प्रश्न पुढे येतात. कंपनीचे सर्व्हिस सेंटर नाही, नेहमीचा गॅरेजवाला बॉनेट उघडून मान हलवतो, आणि सुट्या भागांच्या दुकानात गाडीचे नाव सांगितले तर संगणकावर काहीच सापडत नाही.

हे असे का होते ते समजले की निम्मा खर्च आटोक्यात येतो. कॉलिन चॅपमन यांनी 1957 मध्ये आणलेली लोटस सेव्हन ही या सगळ्या गाड्यांची मूळ आई. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांच्या संचावर नव्हता. म्हणून लोक पेट्या घरी आणून गाडी जोडत. 1973 मध्ये तो कर जाऊन व्हॅट आला, आणि त्याच वर्षी सेव्हन बनवण्याचे हक्क केटरहॅमकडे गेले. पण घरी गाडी बांधण्याची हौस टिकली. 1996 मध्ये रॉन चॅम्पियन यांचे अडीचशे पौंडांत स्पोर्ट्‌स कार बांधायला शिकवणारे पुस्तक आले आणि लोकॉस्टचे पेवच फुटले. या गाड्यांचा सांगाडा आणि बॉडी नवी असली, तरी इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, स्टिअरिंग हे सारे कुठल्यातरी जुन्या फोर्डचे नाहीतर माझ्दाचे असते. इकडे त्या मूळ गाडीला ‘डोनर’ म्हणतात.

तेव्हा पहिला खर्च एका जाड वहीचा. प्रत्येक भाग कोणत्या गाडीचा, कोणत्या वर्षाचा, हे त्या वहीत लिहा. पुढचे अपराइट फोर्ड कॉर्टिनाचे आहेत का? स्टिअरिंग रॅक एस्कॉर्टचा का? मागचे कॅलिपर सिएराचे का? आधीच्या मालकाकडे बांधणीच्या वेळचे फोटो आणि पावत्या असतील तर त्या मागूनच घ्या. नसतील, तर भागावर ओतलेला क्रमांक ब्रशने घासून वाचा आणि फोटो काढून ठेवा. सिएराचे ब्रेक पॅड वीस-तीस पौंडांना मिळतात. पण ते सिएराचे आहेत हे शोधण्यात मेकॅनिकचे दोन तास गेले, तर तासाला साठ ते शंभर पौंड या दराने पॅडच्या किमान चौपट पैसे नुसत्या शोधाचे होतात. किट कारमध्ये पैसा जातो तो मुख्यतः इथे. वही तयार असली की कोणताही होतकरू मेकॅनिक ही गाडी दुरुस्त करू शकतो.

गाडी घेण्याआधी सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकून तिच्या एमओटीचा, म्हणजे रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का याच्या तपासणीचा, इतिहास पाहा, तो फुकट दिसतो. कोणत्या वर्षी ब्रेक असमान निघाले, कुठे गंज दिसला, गाडी वर्षाला किती मैल चालली, सगळे त्यात येते. दरवर्षीच्या एमओटीला गॅरेज जास्तीत जास्त 54.85 पौंड घेऊ शकते. किट कारची माहिती असलेले तपासणी केंद्र शोधा, भले थोडे लांब जावे लागले तरी. अर्धवट बांधलेली, नोंदणी नसलेली गाडी स्वस्तात मिळत असेल तर हिशेबात नोंदणीआधी लागणाऱ्या आयव्हीए तपासणीचे 450 पौंड आधीच धरा. त्या तपासणीत उघड्या धारदार कडांपासून आरशांच्या जागेपर्यंत बारीकसारीक गोष्टी पाहतात, त्यामुळे पहिल्याच फेरीत पास व्हाल असे गृहीत धरू नका. नोंदणीच्या कागदावर, म्हणजे व्ही5सीवर, लिहिलेले इंजिन आणि प्रत्यक्षातले इंजिन एकच आहे ना, तेही ताडून घ्या. जुळत नसेल तर विमा कंपनी दावा नाकारायला मोकळी होते. विमा किट कार ओळखणाऱ्या कंपनीकडूनच काढा आणि गाडीची किंमत आधी ठरवून कागदावर लिहून घ्या.

आता खुद्द गाडीकडे. सर्वांत महाग दुखणे म्हणजे सांगाड्याचा गंज. सांगाडा पोलादी नळ्यांचा, त्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने ठोकलेले. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते ओले मीठ पत्रा आणि नळी यांच्या फटीत बसते आणि दोन वेगळ्या धातूंमुळे झीज आणखी वाढते. नळ्यांवर पावडर कोटिंग असेल तर त्याच्या एका चिरेतून पाणी आत शिरते, वरचा रंग मात्र बराच काळ शाबूत दिसतो. विशबोनच्या (सस्पेन्शनच्या दांड्यांच्या) आणि सीट बेल्टच्या जोडांजवळ बोथट स्क्रू ड्रायव्हरने हलकेच दाबून, ठोकून पाहा. रंग फुगलेला किंवा आवाज बद्द येत असेल तर थांबा. एखादी नळी बदलणे दोन-चारशे पौंडांत भागते. गाडी पूर्ण सोडवून सांगाडा साफ करून पुन्हा रंगवायचा म्हटले, तर मजुरीसह काही हजार लागतात. सीट बेल्टचा जोड गंजलेला असेल तर वेल्डिंग होईपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नका. इथे घासाघीस करण्यात अर्थ नाही.

फायबर ग्लासच्या बॉडीचे मात्र फारसे मनावर घेऊ नका. मडगार्डवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात. त्या बहुधा वरच्या जेलकोटमध्ये असतात आणि गाडी त्यामुळे कमजोर होत नाही. आरपार तडा असेल तर रेझिन आणि मॅटिंगचे वीस-तीस पौंडांचे साहित्य आणून आतल्या बाजूने थर द्या. घासताना मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसाला वाईट.

याच बॉडीमुळे एक विजेचे दुखणे येते, आणि त्यावर लोकांचे नाहक पैसे जातात. पत्र्याच्या गाडीत अर्थिंग बॉडीतून मिळते. फायबर ग्लासमधून वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला अर्थिंगची स्वतंत्र वायर लागते. इंडिकेटर लावला की ब्रेक लाइट मंद होतो, पेट्रोलचा काटा नाचतो, अशी लक्षणे दिसली तर दिवे बदलायच्या भानगडीत पडू नका. अर्थिंगचे जोड सोडवा, सॅंडपेपरने चकचकीत करा, घट्ट बसवा. पंधरा पौंडांचा मल्टिमीटर इथे शंभर-दोनशे वाचवतो. गाडी हिवाळाभर उभी राहणार असेल तर चाळीस-पन्नास पौंडांचा बॅटरी कंडिशनर घ्या, नवीन बॅटरीहून तो परवडतो.

टायरच्या बाबतीत नक्षी पाहून फसू नका. गाडी इतकी हलकी आणि चालते इतकी कमी की नक्षी झिजतच नाही, रबर मात्र वयाने कडक होते. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा: 2318 म्हणजे 2018 सालचा 23वा आठवडा. दहा वर्षांचा टायर ओल्या रस्त्यावर या गाडीला धोक्याचा, मग तो नवा का दिसेना. चार टायरांना तीन-चारशे पौंड लागतात. हवा नेहमीच्या गाडीइतकी भरू नका. वजन निम्मे असल्याने 18-20 पीएसआयच्या आसपास पुरते. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडा अखेरचा माना.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून गाडी चालो न चालो, दोन वर्षांनी बदला. डॉट 4ची बाटली दहा पौंडांच्या आसपास मिळते. उभ्या गाडीत मागच्या कॅलिपरचा हँडब्रेक अडकतो, तेव्हा तो अधूनमधून ओढून-सोडून मोकळा ठेवा.

सप्टेंबर 2021 पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांचे रबरी पाइप त्याने फुगतात, चिरतात. तुमच्या गाडीत पेट्रोल आणि गरम एक्झॉस्ट यांच्यात वीतभर अंतर असते, म्हणून ‘आर9’ प्रतीचे पाइप बसवा आणि कमी इथेनॉलचे ई5 पेट्रोल भरा. हे काम शंभर पौंडांच्या आत होते. सगळ्यांत आधी हेच करून घ्या.

इंजिनचा टायमिंग बेल्ट हेही वहीतूनच सुटणारे कोडे. फोर्डच्या जुन्या क्रॉसफ्लो आणि नव्या ड्युराटेक इंजिनांत चेन असते, फोर्डच्याच पिंटो, झेटेक आणि रोव्हरच्या के-सिरीज इंजिनांत बेल्ट. शेवटचा बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल, तर बदलला नाही असेच समजा. के-सिरीजचे हेड गॅस्केट नाजूक, त्यामुळे कूलंट घटत असेल तर नुसते वरून भरत राहू नका.

दर वसंतात एक दिवस काढून गाडी जॅक करा, सांगाड्याच्या नळीखाली स्टँड लावा, कधीही तळाच्या पत्र्याखाली नको. मग प्रत्येक नट टॉर्क रेंचने तपासून त्यावर रंगाची रेघ ओढा. रेघ सरकलेली दिसली की नट सैल होतोय हे लांबूनच कळते.

ऑइल, फिल्टर, प्लग, ब्रेक ऑइल, एमओटी असे धरून स्वतः काम करणाऱ्याला वर्षाला अडीच-तीनशे पौंड पुरतात. सगळे गॅरेजकडून करवून घेतले तर आठशे ते हजार धरा. रोड टॅक्स आणि विमा यात नाही. 1 मार्च 2001 पूर्वीच्या नोंदणीत टॅक्स इंजिनच्या क्षमतेवर ठरतो आणि 1549 सीसीच्या वर तो वाढतो.

अशी गाडी महाराष्ट्रात बांधून चालवता येईल का, असे पुष्कळ जण विचारतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार मूळ बनावटीत मोठे बदल करता येत नाहीत. नव्या मॉडेलला नियम 126 खाली पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून नमुना-चाचणी लागते. एकट्या हौशी माणसाला हा खर्च झेपणारा नाही. ब्रिटनमधून जुनी गाडी भारतात न्यायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी अशी अट आहे, त्यामुळे तो मार्गही जवळपास बंदच.

ब्रिटनमध्ये राहत असाल, वाहन उभे करायला बंदिस्त गॅरेज असेल आणि हात काळे करायची तयारी असेल, तर ही गाडी जरूर घ्या. पण हातात दीड हजार पौंड राखून ठेवल्याशिवाय घेऊ नका. पहिल्या वर्षी टायर, पाइप, बेल्ट आणि एखादा गंजलेला जोड यांतच ते खर्च होतील.