पेपर हाती घेतला की मालकाचं नाव वाचा

मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातल्या परसवाड्यात पेपरचे गठ्ठे सोडून घरोघर टाकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. 1956 पर्यंत आमच्या बालाघाटची राजधानी नागपूर होती, त्यामुळे तिथले पेपर आम्हाला कधी परके वाटले नाहीत. या धंद्यात शिकलो ते असं :

1. नाव टिकतं, मालकी फिरते. नागपूरचा इंग्रजी 'हितवाद' 1911 साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सुरू केला. तेव्हा तो त्यांच्या भारत सेवक समाजाचा. पुढे तो बनवारीलाल पुरोहितांकडे आला. 'लोकमत'चंही तसंच. यवतमाळात बापूजी अणे यांनी काढलेलं हे साप्ताहिक जवाहरलाल दर्डांनी पुन्हा उभं केलं आणि 1971 साली नागपुरातून दैनिक केलं.

2. मालक फिरला की आधी गावाची बातमी आटते. आमच्याकडे येणाऱ्या एका पेपरचा मालक बदलला. वरचं नाव तेच राहिलं, पण तालुक्याचं पान आक्रसत गेलं. धानाचे भाव आणि बंद पडलेले हातपंप छापून येईनात. गिऱ्हाइकं मला विचारत, आणि त्यांचं विचारणं रास्तच होतं.

3. लेखणीला हक्काची जागा हवी. टिळकांशी मतभेद झाल्यावर आगरकरांनी 1887 साली 'केसरी'चं संपादकपद सोडलं आणि 1888 साली 'सुधारक' काढला. स्वतःचं पत्र असल्यामुळेच त्यांचं म्हणणं लोकांपर्यंत पोचलं.

4. शेवटच्या पानाच्या तळाची बारीक ओळ वाचावी. मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि छापखाना यांची नावं तिथे असतात. 1867 च्या कायद्याने ती बंधनकारक केली. बातमी चुकली तर जाब कुणाला विचारायचा, ते तिथे कळतं.

5. फेब्रुवारी सरला की पुढच्या अंकातला 'फॉर्म 4' शोधावा. मालक कोण आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल कुणाकुणाचं, हे त्यात पेपर वर्षानुवर्षं छापत आले आहेत. ठेकेदाराचं नाव मालकांत दिसलं, तर रस्त्याच्या कामाची बातमी दोनदा वाचावी.

6. बिल वेळेवर द्यावं. वर्गणीदार गळाले की पेपर जाहिरातदाराच्या ओंजळीने पाणी पितो. तालुक्याची बातमी हवी असेल, तर तिचा खर्च तालुक्यानेच उचलायला हवा.