कॅमेरा, सायकल आणि तिसरा पट्टा

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मला आधी हसूच आलं. मी पक्की कॉन्व्हेंटवाली. शाळेत मराठी बोललं की एक रुपया दंड, आणि घरी आजी इंग्लिश बोललं की रागवायची. त्यामुळे माझं मराठी आजीचं आहे, आणि टेक्निकल शब्द सगळे इंग्लिश. ऱ्हस्व-दीर्घ मॅडमनी तपासले आहेत, तरी उरले असतील तर समजून घ्या.

विषय मात्र मला चांगला माहीत आहे, कारण तो मी चूक करून शिकले. विषय असा की सायकलवरून कॅमेरा न्यायचा कसा. हॉस्टेलमधल्या निम्म्या लोकांना वाटेल, यात शिकण्यासारखं काय आहे? बॅगेत टाकायचा आणि निघायचं! मलाही असंच वाटलं होतं.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही तिघी पहिल्यांदा कासला सायकलवर गेलो. साताऱ्यातून समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायचा, मग पेट्रीवरून पुढे पठार. एकूण पंचवीस किलोमीटरच्या आसपास. पश्चिम घाटाबरोबर कासलाही युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा २०१२ साली मिळाला, हे सगळ्यांना पाठ आहे. पण पहिल्या पाच किलोमीटरमध्ये किती दम लागतो हे कोणी सांगत नाही. माझी सायकल एका सीनिअर ताईकडून घेतलेली, मागे कॅरिअर असलेली. कॅमेरा टॉवेलमध्ये गुंडाळला, सॅकमध्ये घातला आणि सॅक जुन्या ट्यूबनं कॅरिअरला करकचून बांधली. पाठ मोकळी, खांदे मोकळे. मी स्वतःवर फार खूश होते.

कॅमेरा बाबांचा. कराडला बाबांचा फोटो स्टुडिओ होता, बावीस वर्षं चालवला. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो. मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओ बंद करावा लागला. लायटिंगचं सामान विकलं. एक डीएसएलआर आणि एक झूम लेन्स तेवढी ठेवली, आणि माझी अ‍ॅडमिशन झाली त्या दिवशी माझ्या हातात दिली. "जप बाळा," एवढंच म्हणाले.

येताना उतार. पाऊस थांबलेला, रस्ता मोकळा, आम्ही तिघी ओरडत खाली आलो. रंबलर आले की दात वाजायचे, त्याचीसुद्धा मजा वाटत होती. हॉस्टेलवर येऊन कॅमेरा काढला तर लेन्समधून खुळखुळ आवाज! फोटो काढून बघितले. डावीकडे सगळं स्वच्छ, उजवीकडचा साधारण पाव भाग पुसट. कितीही फोकस करा, तसाच. पडला नव्हता, कुठे आपटला नव्हता, भिजलाही नव्हता.

मी घरी सांगितलं नाही. दुरुस्तीला पैसे नव्हते आणि सांगायला तोंड नव्हतं. दिवाळीत सगळे जमले तेव्हा बाबा म्हणाले, "चल, आता फोटोग्राफर तू." मी ग्रुप फोटो काढला. आजी उजवीकडच्या टोकाला खुर्चीवर बसली होती. मी तिला मध्ये बसायला सांगू शकले असते, पण ती "माझी खुर्ची इथंच" म्हणाली आणि मला कारण सांगता येईना. बाबांनी स्क्रीनवर फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "आजी पुसट का गं?" मी म्हणाले, हलली असेल. बाबा काही बोलले नाहीत. बावीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला हललेला फोटो आणि बिघडलेली लेन्स यातला फरक कळत नसेल? आजी फेब्रुवारीत गेली. तिचा सगळ्यांबरोबरचा शेवटचा फोटो तोच आहे.

मार्चमध्ये बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दिवाळीतच सांगितलं असतंस तर मोबाइलवर एक काढून ठेवला असता." रागवले नाहीत, त्यामुळे जास्तच लागलं. मग आम्ही दोघं मिळून बाबांच्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो.

काकांनी लेन्स उघडून दाखवली. आतल्या एका काचेची चौकट तीन बारीक स्क्रूंवर बसलेली असते. त्यातला एक पूर्ण निघून आत फिरत होता (तोच खुळखुळत होता), दुसरा सैल. त्यामुळे काच तिरकी झाली होती. काच तिरकी झाली की चित्राची एक बाजू फोकसमध्ये येते, दुसरी येत नाही. काकांनी स्क्रू बसवले आणि प्रत्येकावर लाखेसारखा एक थेंब सोडला. "सायकलला बांधला होतास का?" त्यांनी न विचारताच ओळखलं.

आता मशीन डिझाइनचा तास आठवा. आपल्याला बोल्ट शिकवतात तेव्हा ताण, घर्षण, प्रीलोड वगैरे होतं आणि परीक्षेनंतर आपण विसरतो. गेरहार्ड जुंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १९६९ साली दाखवून दिलं की स्क्रूच्या अक्षाच्या दिशेनं होणाऱ्या कंपनापेक्षा आडव्या दिशेचं कंपन स्क्रू फार लवकर सैल करतं. आडवं हलताना आट्यांमधलं घर्षण क्षणभर निसटतं आणि स्क्रू आपोआप थोडा थोडा उलटा फिरतो. त्याच्या नावाची टेस्ट आजही वापरतात. माझ्या लेन्समध्ये घाट उतरताना नेमकी तीच टेस्ट चालू होती!

कॅरिअर ही सायकलवरची सगळ्यात वाईट जागा का, ते बघा. कॅरिअर थेट फ्रेमला आणि मागच्या चाकाच्या एक्सलजवळ जोडलेलं असतं. रस्त्याचा धक्का टायरमधून जातो आणि टायरमध्ये हवा घट्ट असेल तर तो जवळजवळ तसाच्या तसा वर येतो. आपण मात्र खड्डा दिसला की सीटवरून थोडं उठतो, गुडघे आणि कोपरं वाकवतो. हे आपलं सस्पेन्शन. कॅरिअरला गुडघे नसतात.

मग मी टॉवेलला दोष दिला. टॉवेलऐवजी जाड फोम वापरला असता तर? इथे गणित करावं लागलं, आणि ते मला आवडलं म्हणून सांगते. वस्तू फोमवर ठेवली की फोम थोडा दबतो. किती दबतो त्यावरून त्या जोडीची नैसर्गिक वारंवारता काढता येते: गुरुत्वत्वरणाला दबलेल्या अंतरानं भागा, वर्गमूळ काढा, दोन पायनं भागा. फोम १ मिलिमीटर दबला तर उत्तर साधारण १६ हर्ट्झ. १ सेंटिमीटर दबला तर ५ हर्ट्झ.

आता रंबलरच्या पट्ट्या अर्ध्या मीटरवर आहेत असं धरा. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर, म्हणजे सेकंदाला १० धक्के. १ मिलिमीटर दबणाऱ्या कडक फोमवर हे १० हर्ट्झचं कंपन कमी होत नाही, उलट दीडपटीपेक्षा जास्त होतं (१.६७ पट, डॅम्पिंग सोडून). उताराला वेग दुप्पट, ताशी ३६, म्हणजे २० हर्ट्झ. उत्तर परत १.६७! मला वाटलं कॅल्क्युलेटरवर चुकीचं बटण दाबलं गेलं. पण चूक नव्हती. एकदा आपण रेझोनन्सच्या अलीकडे आहोत, एकदा पलीकडे, आणि योगायोगानं दोन्हीकडे उंची सारखी. तेच १ सेंटिमीटर दबणाऱ्या मऊ फोमवर १० हर्ट्झला एक तृतीयांश धक्का पोचतो आणि २० हर्ट्झला पंधरावा हिस्सा. खऱ्या फोममध्ये डॅम्पिंग असतं, त्यामुळे आकडे असे नेमके येणार नाहीत, पण दिशा हीच. करकचून गुंडाळलेला टॉवेल म्हणजे कडक फोम. वरून ट्यूबनं आवळल्यावर तर तो जवळजवळ लाकूड.

घरच्या घरी तपासायचं असेल तर पाण्याची पाऊण लिटरची बाटली घ्या. भरल्यावर तिचं वजन लहान डीएसएलआर आणि किट लेन्सएवढं, पाऊण किलोच्या जवळपास होतं. कॅमेऱ्याच्या जागी ती फोमवर ठेवा आणि फोम किती दबतो ते स्केलनं मोजा. पहिल्या दोन-तीन राइडना कॅमेऱ्याऐवजी बाटलीच न्या. बॅग कुठे घासते, कुठे सरकते ते कळतं आणि तहान लागली तर पाणीही मिळतं.

मोबाइलवर फायफॉक्स नावाचं अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठानं बनवलेलं, फुकट. मोबाइलच्या अ‍ॅक्सिलरोमीटरचा ग्राफ त्यात दिसतो. मी जुना फोन कॅरिअरवर, हँडलला आणि पाठीवरच्या बॅगेत असा ठेवून हॉस्टेल ते मेन गेट चकरा मारल्या. (वॉचमन काकांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "ताई, काही हरवलंय का?") आकडे छापत नाही, कारण फोन बांधायची पद्धत बदलली की आकडे बदलत होते. पण क्रम दर वेळी तोच आला: कॅरिअर सगळ्यात वाईट, मग हँडल, आणि पाठीवर सगळ्यात शांत.

फोनवाल्यांनीही जरा ऐका. फोनच्या कॅमेऱ्यात हात हलल्याची भरपाई करायला लेन्स चुंबकांच्या जोरावर तरंगती ठेवलेली असते. अ‍ॅपल कंपनीनं २०२१ मध्ये स्वतःच सूचना काढली की मोठ्या इंजिनच्या मोटरसायकलच्या हँडलला आयफोन लावला तर त्या कंपनानं ही यंत्रणा बिघडू शकते. त्या सूचनेत सायकल नाही. तरी मी हँडलला आता फोन लावत नाही. रस्ता चुकले तर थांबून विचारते.

म्हणजे कॅमेरा अंगावर हवा. पण अंगावर कुठे? पोटासमोर गळ्यात लटकवला तर पेडल मारताना गुडघ्याला आपटतो. साधी सॅक चालते, पण तिच्यात दोन गोष्टी बघा. लेन्ससारखी टणक वस्तू बरोबर मणक्यावर येऊ देऊ नका, पाठीवर पडलात तर कॅमेऱ्यापेक्षा मणका महाग. आणि पाठीचा घाम. घाट चढून गेल्यावर सॅकची आतली बाजू ओली होते, म्हणून कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच सॅकमध्ये ठेवायचा.

मी वापरते ती एका खांद्यावरून तिरकी जाणारी बॅग. तिची अडचण ही की पुढे वाकलं की ती घरंगळत पोटाकडे येते, आणि तोल नेमका नको तेव्हा जातो. यावर उपाय म्हणजे तिसरा पट्टा. बॅगेच्या खालच्या कोपऱ्यातून निघून बगलेखालून छातीजवळच्या मुख्य पट्ट्याला क्लिपनं अडकणारा. माझा पट्टा जुन्या शाळेच्या दप्तराचा आहे, राजवाड्याजवळच्या एका चांभारकाकांनी शिवून दिला. आत तळाला मऊ फोम, बाजूंना दुसरा थोडा कडक, आणि कॅमेरा लेन्स खाली करून. क्लिप काढली की बॅग एका हातानं पुढे येते. हे महत्त्वाचं आहे, कारण कॅमेरा काढायला दोन मिनिटं लागत असतील तर आपण थांबतच नाही आणि घरी रिकामं कार्ड घेऊन येतो.

फोटो काढताना थांबायचंच. एका हातानं चालवत, दुसऱ्या हातानं क्लिक, असलं शौर्य घाटात करू नका. सायकल रस्त्याच्या डाव्या बाजूला, डांबराच्या बाहेर उभी करायची. चढून आल्यावर छाती धडधडत असते आणि ती धडधड हातात उतरते. नियम असा सांगतात की शटरचा वेग फोकल लेंग्थच्या उलट असावा, म्हणजे ८० ला १/८०. चढानंतर मी तो दुप्पट करते, १/१६०. नाहीतर सीटवर बॅग, बॅगेवर कॅमेरा आणि दोन सेकंदांचा टायमर. मैत्रीण सायकलवर समोरून जात असेल तर हिशोब वेगळा: ताशी १८ किलोमीटरनं ती १/५०० सेकंदात १ सेंटिमीटर सरकते, १/३० मध्ये १७ सेंटिमीटर. १/३० ला तिच्याबरोबर कॅमेरा फिरवत नेला की ती स्पष्ट आणि मागचा डोंगर रेघारेघांचा. दहात एक जमतो. आणि कासला फुलांसाठी गुडघे टेकायच्या आधी गुडघ्याखाली काय आहे ते बघा. सीतेची आसवं एवढीशी असतात, एका फोटोसाठी आपण पन्नास चिरडतो.

परत आल्यावर बॅग बंद करून कपाटात टाकू नका, लेन्सला बुरशी येते. साताऱ्याच्या पावसाळ्यात आमच्या चपलांनासुद्धा येते! बॅग उघडी वाळवायची आणि कॅमेरा झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवायचा. दाण्यांचा रंग बदलला की जेल बदलायचं. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं.

होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांच्याबद्दल मला या सगळ्यात कळलं. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला प्रेस फोटोग्राफर. दिल्लीत त्या साडी नेसून, अवजड कॅमेरा घेऊन सायकलवरून कामाला जायच्या. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. न्यूयॉर्कचे बिल कनिंगहॅम तर म्हातारपणीही सायकलवर, गळ्यात कॅमेरा अडकवून लोकांच्या कपड्यांचे फोटो काढत हिंडत. दोघांनीही कॅमेरा कॅरिअरला बांधला नसणार, असा माझा अंदाज.

या जुलैत बाबा साताऱ्याला आले होते. बॅग हातात घेतली, तिसरा पट्टा ओढून बघितला, लेन्स कानाजवळ नेऊन हलवली. मग म्हणाले, शिवण दुहेरी करून घे, इथं ओझं येतं. ती मी करून घेतली आहे. पट्ट्याचं माप हवं असेल तर मेसमध्ये भेटा. रविवारी पहाटे हॉस्टेलचं गेट उघडलं की आम्ही निघतो, आणि पहिल्या वेळी येणाऱ्यानं पाण्याची बाटली आणायची, कॅमेरा नाही.