गळ्याचं झालं, ॲड्रिनलचं राहिलं

चि. मुग्धास,


यंदाची ॲड्रिनलची तपासणी तू टाळलीस, असं दादाकडून कळलं. थायरॉइड काढली, बीपी चांगलं आहे, मग दर वर्षी रक्त कशाला द्यायचं, हा तुझा प्रश्न. म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्या घरात आरईटी जनुकातला ६३४ क्रमांकाचा दोष आहे. त्यात थायरॉइडचा कर्करोग जवळजवळ ठरलेला, आणि साधारण निम्म्या लोकांना पुढेमागे ॲड्रिनल ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमाची गाठ होते. पुष्कळदा दोन्ही बाजूंना, मध्ये काही वर्षं जाऊनसुद्धा. ही गाठ लपलेली असताना भूल दिली तर बीपी भडकून जीव जाऊ शकतो. तुझ्या गळ्याच्या ऑपरेशनआधी ती तपासणी केली ती याचसाठी, पण ती त्या वेळेपुरतीच होती.

त्रास नाही, यावर विसंबू नकोस. माझ्या डाव्या बाजूची गाठ सापडली तेव्हा ना डोकं दुखत होतं, ना घाम येत होता, ना धडधड. वार्षिक तपासणीत रक्तातलं मेटानेफ्रिन वाढलेलं निघालं, एवढंच. गाठ लहान होती म्हणून दुर्बिणीतून निघाली. आपल्या दोषातली ही गाठ क्वचितच कर्करोगाची असते, वेळेवर काढली की माणूस बरा होतो. बऱ्या होणाऱ्या दुखण्याने आपल्यातलं कुणी जाऊ नये, असं मला फार वाटतं.

रक्त देण्याआधी अर्धा तास आडवी पड, बसून घेतलेल्या नमुन्यात आकडा उगाच वाढतो. पॅरासिटामॉल किंवा नैराश्यावरची गोळी चालू असेल तर आधी सांग, पण स्वतःहून बंद करू नकोस. आकडा थोडा चढा आला तर घाबरू नकोस, तपासणी पुन्हा करतात. बराच चढा असला किंवा पुन्हाही चढाच आला तर सीटी किंवा एमआरआय.

आणखी एक गोष्ट मनावर कोरून ठेव. धडधडीवर कुणी प्रोप्रॅनोलॉल लिहून दिली तर घेण्याआधी आरईटीचं सांग. गाठ असताना बीटा ब्लॉकर आधी दिला तर बीपी आणखी चढतं. प्राझोसिनसारखा अल्फा ब्लॉकर आधी, बीटा नंतर. दाताच्या डॉक्टरांनासुद्धा हे सांगायला लाजू नकोस.

पुढच्या वर्षी तुझं लग्न आहे. मूल हवं असं ठरेल त्याआधी ही तपासणी झालेलीच हवी, कारण बाळंतपणात न सापडलेली गाठ आई आणि बाळ दोघांच्या जिवावर उठते.

तुझ्या भावाची, चिन्मयची जनुकतपासणीही अजून राहिली आहे. दोष त्याच्याकडे आला असण्याची शक्यता निम्मी, आणि आला असेल तर थायरॉइड काढायला आणखी उशीर परवडणार नाही. गणपतीला घरी येण्याआधी तू तुझं रक्त देऊन ये, आणि त्यालाही बरोबर घेऊन जा.

तुझी,
आत्या