तीन हजारांची खरेदी

(पाठपरिचय : घरातील एखादी वस्तू बिघडली की आपण बाजारात जातो आणि जी स्वस्त दिसेल ती घेऊन येतो. पण स्वस्त वस्तू आणि योग्य वस्तू यांत फरक असतो. घरच्या संगणकासाठी नवी डिस्क कशी निवडली, हे लेखकाने या पाठात सांगितले आहे. गरज कशी ओळखावी, हिशेब कसा मांडावा आणि कोणती चूक टाळावी, हे त्यावरून समजते.)

माझे अब्बा कातिब होते. लग्नपत्रिका, मुशायऱ्यांची भित्तिपत्रके, लहान लहान पुस्तके ते बोरूने लिहून देत. १९९४ साली इनपेज नावाचे उर्दू लिहिण्याचे सॉफ्टवेअर आले. हळूहळू छापखान्यांना हाताने लिहिणारा माणूस लागेनासा झाला. अब्बांच्या कितीतरी सोबत्यांनी दुसरा धंदा धरला. अब्बांनी मात्र चाळिशी उलटल्यावर संगणक शिकून घेतला. ते म्हणत, "बोरू बदलला, हात तोच आहे."

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, रोशन गेटजवळ आमचे घर आहे. २०१४ साली आम्ही घरी एक संगणक घेतला. अब्बा त्यावर पत्रिका तयार करत. आपा शिकवणीच्या मुलांसाठी प्रश्नपत्रिका लिही. घरातल्या लग्नांचे आणि ईदचे फोटोही त्यातच होते. आमच्या दादीच्या आवाजातली एक गोष्टही त्यात होती. दादी वारली त्याच्या आदल्या वर्षी मी ती मोबाईलवर टिपून घेतली होती. तो मोबाईल पुढे मोडला, गोष्ट तेवढी संगणकात राहिली.

आपा मला नेहमी सांगायची, "महत्त्वाच्या गोष्टींची एक प्रत दुसरीकडे काढून ठेव." मी म्हणायचो, "उद्या करतो."

२०२३ सालच्या मे महिन्यात एका रात्री संगणकातून टक्‌ टक्‌ असा आवाज येऊ लागला. पडदा निळा झाला. अब्बांना दुसऱ्या दिवशी एक पत्रिका द्यायची होती. मी संगणक बंद केला, पुन्हा चालू केला. तो चालेना. मी पुन्हा तेच केले. असे रात्री एक वाजेपर्यंत पाच-सहा वेळा झाले. माझ्या हातून घडलेली मोठी चूक ती हीच. पण ते मला नंतर कळले.

दुसऱ्या दिवशी मी, अब्बा आणि आपा निराला बाजारातल्या एका दुकानात गेलो. अम्मीने डब्यातून तीन हजार रुपये काढून दिले होते. "यात बसेल तेच आणा. कर्ज काढू नका," असे तिने बजावले होते.

"या चाचा, बसा," दुकानदार म्हणाले. त्यांनी आवाज ऐकला आणि लगेच बटण बंद केले.

"हार्ड डिस्क गेली आहे. रात्री कितीदा चालू केलीत?"

मी खाली मान घालून सांगितले.

त्यांनी एक जुनी, उघडलेली डिस्क आमच्यापुढे ठेवली. आत आरशासारखी चकचकीत तबकडी होती आणि तिच्यावर एक बारीक दांडी होती. ते म्हणाले, "आपल्या पाणचक्कीत दगडी जाते फिरते ना, तशी ही तबकडी फिरते. पण हिचा वेग फार मोठा. मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. या दांडीच्या टोकाला वाचणारा भाग असतो. तो तबकडीला टेकत नाही, वर तरंगतो. मधली फट केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी कमी असते. टक्‌ टक्‌ आवाज आला, म्हणजे दांडीला जागा सापडत नाही. अशा वेळी संगणक ताबडतोब बंद करावा. आपण जितक्यांदा चालू करू, तितका आतला मजकूर खराब होण्याचा धोका वाढतो. उष्णता, धक्का आणि अचानक जाणारी वीज हे या डिस्कचे तीन शत्रू आहेत."

अब्बांनी विचारले, "भाऊ, मजकूर परत मिळेल का?"

"आधी तेच पाहू. नवी डिस्क नंतर."

त्यांनी आमची डिस्क आपल्या यंत्राला जोडली आणि सर्वांत महत्त्वाच्या फायली आधी विचारल्या. अब्बांची पत्रिका, आपाच्या प्रश्नपत्रिका, मग फोटो, अशा क्रमाने दोन तासांत बराच मजकूर निघाला. मग डिस्क थांबली. दादीची गोष्ट मिळाली नाही. अब्बा काही बोलले नाहीत.

थोड्या वेळाने आपा म्हणाली, "आता नवी कोणती घ्यायची ते ठरवू. आधी मला सांगा, आपली किती जागा भरली होती?"

डिस्क ५०० जीबीची होती. संगणक मात्र ४६५ जीबी दाखवत असे. मला वाटायचे, दुकानदाराने फसवले. त्या दिवशी खुलासा झाला. कारखानदार एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असे मोजतात. विंडोज हजाराच्या जागी १,०२४ ने मोजते. त्यामुळे आकडा लहान दिसतो, जागा तेवढीच असते.

आपाने कागदावर मांडणी केली. विंडोज आणि इतर सॉफ्टवेअर ४५ जीबी, अब्बांचे काम ६ जीबी, तिचे काम ४ जीबी, फोटो आणि चित्रफिती ५२ जीबी. एकूण १०७ जीबी. नऊ वर्षांत आमची पाव डिस्कसुद्धा भरली नव्हती.

दुकानदारांनी त्या दिवशीचे भाव सांगितले :

वापरलेली ५०० जीबी हार्ड डिस्क – ७०० रुपये, हमी नाही.
नवी १,००० जीबी हार्ड डिस्क – ३,४०० रुपये, हमी २ वर्षे.
नवी ५१२ जीबी एसएसडी – २,५०० रुपये, हमी ३ वर्षे.
नवी २५६ जीबी एसएसडी – १,४०० रुपये, हमी ३ वर्षे.

मी गणित केले. वापरलेली डिस्क जीबीला १ रुपया ४० पैसे पडत होती. नवी हार्ड डिस्क ३ रुपये ४० पैसे, मोठी एसएसडी सुमारे ४ रुपये ९० पैसे आणि लहान एसएसडी सुमारे साडेपाच रुपये. मी म्हणालो, "लहान एसएसडी सर्वांत महाग पडते! ४०० रुपये उसने घेऊ आणि १,००० जीबीची हार्ड डिस्क नेऊ."

अब्बा म्हणाले, "मला तर सातशेची बरी वाटते. पत्रिकेला किती जागा लागते?"

दुकानदार हसले. "चाचा, ती डिस्क मीच विकतो. पण तुमच्यासारख्या गिऱ्हाइकाला देणार नाही. ती आधी किती वर्षे, किती तास फिरली आहे, कोणास ठाऊक. खेळ खेळायला चालेल. रोजीरोटीचे काम तिच्यावर ठेवू नका."

आपा मला म्हणाली, "जीबीचा भाव खरा आहे. पण १,००० जीबी घेऊन त्यातल्या ९०० रिकाम्या ठेवायच्या असतील, तर त्यांचे पैसे कशाला द्यायचे? आपण भाजी स्वस्त मिळते म्हणून दहा किलो आणतो का?"

मला उत्तर सुचले नाही.

मग एसएसडी म्हणजे काय, ते आम्ही समजून घेतले. तिच्यात तबकडी नसते, फिरणारा एकही भाग नसतो. पेनड्राइव्हप्रमाणे मजकूर चिपमध्ये साठतो. त्यामुळे ती आवाज करत नाही, धक्का सोसते आणि हार्ड डिस्कपेक्षा पुष्कळ जलद चालते. जुन्या संगणकाला तिचा फार उपयोग होतो. पण दुकानदारांनी दुसरी बाजूही सांगितली. हार्ड डिस्क कित्येकदा आवाज करून सूचना देते. एसएसडी कधी कधी काहीच सूचना न देता बंद पडते आणि मग तिच्यातला मजकूर काढणे फार अवघड असते.

"ती आमच्या संगणकात बसेल का?" आपाने विचारले. हा प्रश्न विचारायला पुष्कळ लोक विसरतात. एसएसडीचे प्रकार असतात. काही सरळ मदरबोर्डावरच्या खाचेत बसतात. आमच्या जुन्या मदरबोर्डावर तशी खाच नव्हती. म्हणून हार्ड डिस्कच्याच साटा केबलला जोडता येईल अशी अडीच इंची एसएसडी आम्हांला हवी होती.

मोठी एसएसडी घेतली असती, तर जोडणीचे पैसे देऊन जवळजवळ काहीच उरले नसते. आपाने ठरवले, लहान एसएसडी घ्यायची आणि उरलेल्या पैशांत दुसरी प्रत ठेवायची सोय करायची. मी ६४ जीबीचा पेनड्राइव्ह उचलला. ती म्हणाली, "आपला स्वतःचा मजकूर ६२ जीबी आहे. ६४ चा पेनड्राइव्ह संगणकात ६० सुद्धा दाखवणार नाही. मावणार कसा?" मग १२८ जीबीचा घेतला.

हिशेब असा झाला : एसएसडी १,४०० रुपये, पेनड्राइव्ह ७५० रुपये, जोडणी आणि मजकूर उतरवणे ४०० रुपये. एकूण २,५५० रुपये. शिल्लक ४५० रुपये. आम्ही पक्के बिल घेतले, कारण बिलाशिवाय हमी मागणे कठीण. पाकिटाचे सील आमच्यासमोर फोडून घेतले.

दुकानदार म्हणाले, "भाव नेहमी असेच राहतील असे समजू नका. २०११ साली थायलंडमध्ये मोठा पूर आला. तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि इथे आपल्या बाजारात भाव कडाडले." मला नवल वाटले. पूर थायलंडात आणि महागाई मराठवाड्यात! मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली डिस्क असलेला संगणक आणला. त्यात ५० तबकड्या होत्या आणि यंत्राचे वजन सुमारे एक टन होते. एवढ्या मोठ्या यंत्रात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाईलचा एक चांगला फोटोही तितकी जागा घेतो.

घरी आल्यावर संगणक अर्ध्या मिनिटात सुरू झाला. पूर्वी तीन मिनिटे लागत. अब्बांनी त्याच संध्याकाळी पत्रिका पूर्ण केली. अम्मीने ४५० रुपये मोजून डब्यात ठेवले.

जुनी डिस्क मी भंगारात द्यायला निघालो. आपाने अडवले. "तिच्यात आपल्या आधार कार्डांचे फोटो आहेत. अशी वस्तू कोणाच्या हाती देऊ नये." अब्बा म्हणाले, "आणि अम्मीचा आवाजही आहे." अब्बांची अम्मी म्हणजे आमची दादी. बंद पडलेल्या डिस्कमधून मजकूर काढणाऱ्या खास प्रयोगशाळा असतात. पण त्यांचा खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट असतो. तेवढे पैसे आमच्याकडे नव्हते. अब्बांनी डिस्क रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली. ती अजून तिथेच आहे.

आता दर शुक्रवारी रात्री मी पेनड्राइव्ह जोडतो आणि आठवड्याच्या कामाची प्रत काढतो. त्याला दहा मिनिटे लागतात. मुलांनो, डिस्क आम्हांला तीन हजारांत मिळाली. तिच्यात काय ठेवले होते, त्याची किंमत कोणत्याही बिलावर छापलेली नसते.

शब्दार्थ

कातिब – सुंदर अक्षरात लिहून देण्याचा व्यवसाय करणारा
बोरू – लिहिण्यासाठी तासलेली वेताची किंवा बांबूची लेखणी
भित्तिपत्रक – भिंतीवर लावायचा छापील कागद
बजावणे – निक्षून सांगणे
तबकडी – गोल, चपटी चकती
खुलासा – स्पष्टीकरण
उसने – परत देण्याच्या बोलीवर घेतलेले
हमी – खात्री, जबाबदारी
भाव कडाडणे – किंमत एकदम खूप वाढणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) इनपेज हे सॉफ्टवेअर कोणत्या साली आले?
(आ) लेखकाच्या हातून कोणती चूक घडली?
(इ) अब्बांनी जुनी डिस्क कोठे ठेवली?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) हार्ड डिस्क आणि एसएसडी यांत कोणता फरक आहे?
(आ) आपाने १,००० जीबीची डिस्क का नाकारली?
(इ) थायलंडमधील पुराचा परिणाम आपल्या बाजारावर कसा झाला?

प्र. ३. कोण कोणास म्हणाले?
(अ) "कर्ज काढू नका."
(आ) "रोजीरोटीचे काम तिच्यावर ठेवू नका."
(इ) "मावणार कसा?"

प्र. ४. हिशेब, किंमत, खर्च, दुकान, बाजार हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा. 'मजकूर' या शब्दाचा मराठीतील आणि उर्दूतील अर्थ विचारून घ्या व फरक लिहा.

उपक्रम : तुमच्या घरी लवकरच घ्यावयाची एखादी वस्तू निवडा. तिचे दोन-तीन प्रकार, भाव आणि हमी यांची माहिती दुकानातून मिळवा. त्यांपैकी कोणता प्रकार घ्याल व का, ते दहा ओळींत मराठीत लिहा.